ट्रॅक्टर इंजिनातील तेलाचा उतरता दाब व तेलात मिसळणारे डिझेल

खरिपाच्या पेरणीपूर्वी नांगरट, कुळवणी व रोटाव्हेटरची कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. या दिवसांत ट्रॅक्टर रोज आठ-दहा तास चालतो. ऐन वेळी त्याचे इंजिन जाम झाले तर मालकाचे भाड्याचे उत्पन्न बुडते आणि ज्या शेतकऱ्याची पाळी असते त्याच्या जमिनीचा वाफसाही निघून जातो. इंजिन एकाएकी जाम झाले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याची सूचना इंजिनाने कित्येकदा बरेच दिवस आधी दिलेली असते. तेलाच्या दाबदर्शकाचा काटा हळूहळू खाली येऊ लागतो, आणि त्याच सुमारास डिपस्टिकवरील तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वर चढू लागते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली म्हणजे तेलात डिझेल शिरत असल्याचा संशय प्रथम घ्यावा.

तेलाची पातळी घटली म्हणजे प्रत्येक चालक जागा होतो. ती वाढली म्हणजे मात्र आपले इंजिन तेल खात नाही, असे समजून तो समाधान मानतो. हे समाधान फार महाग पडते. या दोषाचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

तेलाचे कार्य व दाब

इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते. कारागीर त्यास चेंबर म्हणतात. तेथून तेल एका जाळीतून गाळून गियर पंपाने उचलले जाते. पुढे ते फिल्टरमधून मुख्य वाहिनीत जाते व तेथून क्रँकशाफ्टच्या मेन व बिगएंड मेटलांना, कॅमशाफ्टला आणि वरच्या रॉकरना पोहोचते. घर्षण कमी करणे, उष्णता वाहून नेणे, काजळी व कचरा धुऊन काढणे, दट्ट्याच्या कड्यांभोवतीची फट भरून काढणे आणि गंजापासून रक्षण करणे ही सर्व कामे तेल करते.

पंप केवळ तेल ढकलतो. शाफ्ट व मेटल यांच्यामधील बारीक फटीतून जाताना तेलास जो अडथळा होतो त्यामुळे दाब निर्माण होतो. तेल पातळ झाले अथवा ही फट झिजून मोठी झाली, तर तेल सहज निसटते व दाब उतरतो. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून एक स्प्रिंगची झडप बसविलेली असते. तीस रिलीफ व्हॉल्व म्हणतात. ही झडप उघडी अडकली तरीही दाब उतरतो.

इंजिन गरम असता पूर्ण गतीला बहुतेक ट्रॅक्टरांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ ते ४ किलोग्रॅम दाब असतो. मंद गतीवर तो १ किलोग्रॅमच्या आसपास येतो. प्रत्येक बनावटीचा आकडा वेगळा असल्याने ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. ज्या ट्रॅक्टरवर काट्याऐवजी केवळ तांबडा दिवा असतो, तेथे अधिक सावध राहावे. हा दिवा दाब अगदी खालावल्यावरच लागतो. म्हणून दिवा लागणे ही शेवटची सूचना समजावी.

डिझेलमुळे होणारी हानी

ट्रॅक्टरमध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या १५ डब्ल्यू-४० प्रतीच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअस उष्णतामानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतो. डिझेलचा दाटपणा ४० अंशांनाच २ ते ४.५ असतो. म्हणजे कोमट डिझेलदेखील तापलेल्या तेलाहून कित्येक पटींनी पातळ असते. असे डिझेल मिसळले म्हणजे मेटल व शाफ्ट यांना अलग ठेवणारा तेलाचा पापुद्रा विरळ होतो. जड ओढीच्या वेळी धातूवर धातू घासतो, मेटल झिजते, फट वाढते आणि दाब आणखी उतरतो.

ही क्रिया किती लवकर घडते हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. एखाद्या इंजिनात ८ लिटर तेल आहे व मिनिटाला केवळ अर्धा मिलिलिटर डिझेल गळून त्यात पडते, असे धरावे. तासाला ३० मिलिलिटर व दहा तासांच्या दिवसाला ३०० मिलिलिटर डिझेल तेलात जाईल. दोन दिवसांत ते ६०० मिलिलिटर होईल. म्हणजे मिश्रणात डिझेलचे प्रमाण सुमारे ७ टक्के भरेल. हे प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेल्यास कारण शोधावे व ५ टक्क्यांपर्यंत पोहोचल्यास ते तेल वापरात ठेवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. यावरून दोन दिवसांची हयगयदेखील इंजिनास घातक ठरू शकते, हे उघड आहे.

दुसरा धोका आगीचा व इंजिन बेफाम होण्याचा आहे. डिझेल तेलापेक्षा फार कमी उष्णतेवर पेट घेते. चेंबरमधील पातळी फार वाढली तर पातळ तेलाची वाफ व तुषार ब्रीदरच्या वाटे हवेच्या मार्गात ओढले जातात. मग इंजिन त्या तेलावरच चालू लागते, त्याची गती वाढत जाते व डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड जाड फळीने बंद करणे हाच उपाय असतो. तेथे तळहात अथवा सैल कापड कधीही लावू नये. जवळ जाणे सुरक्षित नसेल तर सर्वांनी दूर व्हावे. पातळी खुणेच्या बरीच वर असता इंजिन सुरूच न करणे हे सर्वांत श्रेयस्कर.

निदानाच्या पायऱ्या

१. इंजिन थांबवावे. काम चालू असता दिवा लागला किंवा काटा एकदम पडला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. हळूहळू घरापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. मंद गतीवर दाब मुळातच कमी असल्याने त्या प्रवासात अधिक नुकसान होते.

२. पातळी पाहावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबावे. डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी व मग पाहावी. पातळी खाली असल्यास गळती किंवा तेल जळणे हे कारण शोधावे. पातळी वर असल्यास कोणता तरी पदार्थ बाहेरून आत येत आहे, हे निश्चित समजावे. मात्र अगोदर कोणी चुकून जादा तेल ओतलेले नाही ना, याची विचारपूस करावी.

३. आत आलेला पदार्थ ओळखावा. पाणी शिरले असल्यास तेल दुधाळ किंवा राखाडी होते व रेडिएटरमधील पाणी घटते. डिझेल शिरले असल्यास तेल काळेच राहते, परंतु बोटांमध्ये चोळले असता पातळ लागते व त्यास डिझेलचा वास येतो. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनावरच बसविलेला असतो. त्याचे ऑइल सील गेल्यास हायड्रॉलिकचे तेल इंजिनात येते. तेव्हा पातळी वाढते पण डिझेलचा वास येत नाही, आणि हायड्रॉलिकच्या बाजूचे तेल घटलेले आढळते.

४. टिपकागदाची परीक्षा करावी. टिपकागदाच्या एका तुकड्यावर इंजिनातील तेलाचा एक थेंब व दुसऱ्यावर त्याच प्रतीच्या नव्या तेलाचा एक थेंब टाकून दोन्ही काही तास आडवे ठेवावे. डिझेल मिसळलेल्या तेलाच्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट, अर्धपारदर्शक असे रुंद कडे पसरते. ही परीक्षा केवळ अंदाज देते. नेमके प्रमाण प्रयोगशाळेतच कळते. तेलात डिझेल आहे की नाही हे पाहण्यासाठी ते पेटवून किंवा तापवून पाहणे धोक्याचे आहे.

५. दाबदर्शक खरा आहे काय ते पाहावे. विजेवर चालणारा काटा किंवा दिवा कित्येकदा खोटी सूचना देतो. दाबाचा स्विच जेथे बसविलेला असतो त्या छिद्रावर कारागिराकडून चाचणीचा गेज लावून घ्यावा. तेल फार पातळ झालेले असल्यास ही चाचणी तेल व फिल्टर बदलल्यावरच करावी.

नव्या तेलावरील साक्ष

योग्य प्रतीचे नवे तेल व नवा फिल्टर घातल्यावर दाब कसा वागतो, यावरून दोषाचे स्थान बरेच स्पष्ट होते.

नव्या तेलावर दाब पूर्ववत झाला, पण काही तासांच्या कामानंतर पुन्हा उतरू लागला व पातळी चढू लागली, तर डिझेल अद्याप शिरतच आहे असे समजावे.

थंड इंजिनात दाब चांगला, परंतु गरम होताच तो फार उतरतो व पातळी स्थिर राहते, तर मेटल व क्रँक झिजल्याचा संशय घ्यावा. तेल चुकीच्या प्रतीचे असणे किंवा इंजिन जादा तापणे ही कारणेही अगोदर तपासावीत.

थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत दाब कमीच असेल, तर चेंबरमधील जाळी तुंबणे, पंप झिजणे, पंपाच्या शोषण नळीत हवा जाणे किंवा रिलीफ व्हॉल्व उघडा अडकणे यांपैकी कारण असू शकते.

काटा अधूनमधून पडतो व पुन्हा चढतो, विशेषतः चढ-उतारावर, तर पातळी कमी असणे किंवा जाळीवर कचरा येणे संभवते.

हा क्रम सोडून प्रथमच इंजिन उघडणे योग्य नव्हे. स्वस्त व सोपी तपासणी आधी आणि खर्चाची तपासणी शेवटी, हा नियम येथे पाळावा.

डिझेल कोठून शिरते

फीड पंप : टाकीतील डिझेल पुढे ढकलणारा हा लहान पंप पुष्कळ ट्रॅक्टरांत इंजिनाच्या बाजूस बसविलेला असून कॅमशाफ्टवर चालतो. पडद्याच्या पंपात पडदा फाटला म्हणजे डिझेल सरळ चेंबरमध्ये उतरते. हा पंप सोडवून, बाहेर जाणारे तोंड बोटाने दाबून दांडा हलविला असता खालच्या बाजूने डिझेल येऊ लागले तर दोष सापडला असे समजावे. इंजिन उघडण्याच्या खर्चाच्या मानाने पडद्याची किंमत नगण्य असते.

इंधन पंप : नोझलांना डिझेल पुरविणारे पंप दोन प्रकारचे आढळतात. रोटरी पंपाच्या आतील भागांना डिझेलचेच वंगण मिळते. त्याच्या शाफ्टवरील सील झिजले म्हणजे डिझेल टायमिंग गियरच्या पेटीत व तेथून चेंबरमध्ये जाते. इनलाइन पंपाचे प्लंजर झिजल्यास डिझेल पंपाच्या खालच्या भागातील तेलात मिसळते. हा भाग इंजिनाच्या तेलाशी जोडलेला असेल तर दोष इंजिनात पोहोचतो. स्वतंत्र असेल तर पंपातीलच तेल वाढते. पंपाची दुरुस्ती नेहमी पंप-दुरुस्तीच्या कार्यशाळेतच करावी.

नोझल : नोझल तुषार न उडविता थेंब गाळू लागले म्हणजे सर्व डिझेल जळत नाही. उरलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन कड्यांवाटे खाली उतरते. धूर वाढणे, इंजिन असमान चालणे व ठोक्याचा आवाज ही याची लक्षणे होत. नोझलची परीक्षा यंत्रावर करून घ्यावी. तुषारासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते व ती गंभीर इजा ठरते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांतील नळ्यांत हा दाब फारच मोठा असल्याने तेथील नट शेतावर मुळीच ढिले करू नयेत.

परतीच्या नळ्या : काही इंजिनांत नोझलांकडून परत येणाऱ्या डिझेलची नळी रॉकरच्या झाकणाखालून जाते. तिचा जोड सैल झाल्यास बाहेर थेंबही न दिसता सर्व गळती तेलातच होते.

थंड चालणारे इंजिन : इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे तापण्याचे मूळ कारण तर राहतेच, शिवाय हलक्या कामात इंजिन पुरेसे गरम होत नाही, डिझेल अर्धवट जळते व तेलात उतरते. ऊस-वाहतुकीच्या हंगामात कारखान्याच्या आवारात रांगेत उभे असता इंजिन तासन्‌तास मंद गतीवर चालू ठेवल्यानेही हाच परिणाम होतो.

धूर-गाळणी असलेली इंजिने : ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना भारतात २०२३ पासून ट्रेम-४ ही प्रदूषण-मर्यादा लागू झाली आहे. अशा काही इंजिनांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते व ती जाळून साफ करण्यासाठी ठरावीक वेळी जादा डिझेल सोडले जाते. ही क्रिया वारंवार अर्धवट सोडून इंजिन बंद केल्यास काही डिझेल तेलात उतरू शकते. पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे ही क्रिया पूर्ण होऊ द्यावी.

दोन रात्रींची परीक्षा

ज्या ट्रॅक्टरची डिझेलची टाकी पंपांपेक्षा उंच असते, त्याच्या मालकास पुढील परीक्षा खर्चाशिवाय करता येते. सायंकाळी काम संपल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून एक तासाने तेलाची पातळी मोजावी व टाकीची कॉक बंद करावी. सकाळी पुन्हा पातळी मोजावी. दुसऱ्या सायंकाळी तसेच करून कॉक मात्र उघडी ठेवावी. रात्रभरात वरचे तेल खाली निथळल्याने पातळी दोन्ही वेळा थोडी वाढेल. परंतु कॉक उघडी असलेल्या रात्री वाढ स्पष्टपणे अधिक असेल, तर इंजिन बंद असतानाही डिझेल उतरत आहे. असे असता फीड पंपाचा पडदा किंवा इंधन पंपाचे सील यांच्याकडे प्रथम लक्ष द्यावे. दोन्ही रात्री वाढ सारखीच असेल तर हे भाग निर्दोष ठरत नाहीत. केवळ इंजिन चालू असतानाच्या गळतीचा शोध घ्यावा लागतो. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी कॉक उघडण्यास विसरू नये, नाहीतर नळीत हवा धरते.

टाळावयाच्या चुका

रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली वायसर घालून काटा वर आणणे ही फसवणूक आहे. त्याने काटा वर आला तरी तेल पातळच राहते. जादा दाट तेल किंवा बाजारी रसायन घालून दोष झाकणेही तसेच. जादा झालेले तेल खालून काढून पातळी खुणेवर आणल्याने तर काहीच साधत नाही, कारण उरलेल्या तेलात डिझेलचे प्रमाण तेवढेच असते.

सर्वांत महागडी चूक निराळीच आहे. दाब उतरला म्हणून इंजिन उघडले जाते, झिजलेली मेटल काढून क्रँक ०.२५ मिलिमीटरने घासला जातो आणि जाडी वाढविलेली नवी मेटल बसविली जातात. काटा वर येतो, मालक पैसे देतो. फाटलेला पडदा मात्र जागच्या जागीच राहतो. थोड्याच दिवसांत तेल पुन्हा पातळ होते व नवी मेटलही त्याच वाटेने जातात. झीज हा परिणाम होता, कारण नव्हते. कारण दूर केल्याविना परिणामावर केलेला खर्च वाया जातो.

दुरुस्तीनंतरची काळजी

दोष काढल्यावर जुने तेल इंजिन कोमट असता पूर्णपणे काढावे, फिल्टर बदलावा व शक्य असल्यास चेंबर उतरवून जाळी धुवावी. चेंबरच्या तळाशी किंवा फिल्टरमध्ये धातूचे चकचकीत कण आढळल्यास मेटलांची तपासणी केल्याविना ट्रॅक्टर जड कामास लावू नये. नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. पहिल्या दहा तासांत दोन-तीनदा पातळी व दाब पाहावा. पातळी चढली नाही व गरम इंजिनात दाब स्थिर राहिला तरच दुरुस्ती पुरी झाली असे मानावे.

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, आगीपासून दूर साठवावे व वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.

ट्रॅक्टरच्या पेटीत एक लहान वही ठेवावी. तीत रोज सकाळी तीन गोष्टी लिहाव्या : कामाचे एकूण तास, तेलाची पातळी आणि आदल्या दिवशी गरम इंजिनात दिसलेला दाब. या कामास दोन मिनिटेही लागत नाहीत. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्राचे रूपांतर पुढे केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्थेत झाले. अशा संस्थांतील प्रशिक्षणाचा लाभ ज्यांना घेता येईल त्या चालकांनी तो अवश्य घ्यावा. तथापि वही ठेवण्यास कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही. वहीतील पातळीचे आकडे चढू लागले व दाबाचे उतरू लागले, की त्याच दिवशी ट्रॅक्टर उभा करावा. त्या एका दिवसाच्या खोळंब्याने पुढचा सारा हंगाम वाचतो.